वेतानंतरचे शंभर दिवस

(वसुबारसेनिमित्त झालेल्या गोपालक मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



वसुबारसेला आपण पूजतो ती सवत्स धेनू. पायाशी वासरू असलेली दुभती गाय. पूर्वजांनी पूजेसाठी नेमकी हीच गाय का निवडली असेल? गाईचे घरातले स्थान तिच्या वेतावर टिकून असते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

महाराष्ट्रात गोहत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी आली. संपूर्ण गोवंशाला संरक्षण देणारे १९९५ चे विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीवाचून वीस वर्षे अडकले आणि २०१५ मध्ये त्याचा कायदा झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले. गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन ५० रुपयांचे अनुदानही जाहीर केले. अनेकांच्या तपश्चर्येचे हे फळ आहे. तथापि २०१९ च्या पशुगणनेत देशातील देशी गोवंश २०१२ च्या तुलनेत सुमारे ६ टक्क्यांनी घटलेला दिसला. कायदा गाईला सुरीपासून वाचवितो, गोठ्यातले तिचे स्थान मात्र त्याला राखता येत नाही. दीड-दोन वर्षे गाभण न राहिलेली गाय अल्पभूधारकाने किती दिवस पोसावी? तो एका रात्री तिचे दावे सोडतो आणि सकाळी ती रस्त्यावर उभी असते.

मी पशुवैद्य नाही, पत्रकार आहे. परंतु गोपालकांशी आणि पशुवैद्यांशी बोलताना एक गोष्ट वारंवार कानी आली. जन्मतः वांझ गाई थोड्या. बऱ्याच गाईंना आपली हेळसांडच भाकड करते, आणि ती हेळसांड होते व्याल्यानंतरच्या शंभर दिवसांत.

हिशेब साधा आहे. गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा. वर्षाला एक वेत हवे, तर व्याल्यापासून ८५ दिवसांच्या आसपास गाय पुन्हा गाभण राहावयास हवी. त्यातले पहिले ४०-४५ दिवस गर्भाशय पूर्वस्थितीस येण्यात जातात. साठाव्या दिवसानंतर रेतन करावयाचे, म्हणजे हाती उरतात एक किंवा दोन माज. देशी गाईला थोडा अधिक अवधी लागतो. दोन वेतांतील अंतर १३-१४ महिने झाले तरी समाधान मानावे. पण एक माज हुकला की २१ दिवस गेलेच.

प्रारंभ जारेपासून होतो. ती साधारणतः ८ ते १२ तासांत पडावी. न पडल्यास तिला दगड किंवा जुना जोडा बांधण्याची, हात घालून ओढण्याची रीत अजूनही गावोगाव आहे. ओढताना जार तुटते, आत राहिलेले तुकडे सडतात, गर्भाशयाला सूज येते आणि पुढे महिनोन्‌महिने पांढरा स्राव वाहत राहतो. अशी गाय गाभण कशी राहणार? बारा तास उलटले की पशुवैद्याला बोलवावे, गोठा कोरडा ठेवावा. घरगुती प्रयोग करू नयेत. दुग्धज्वराचेही तसेच. नाव ज्वराचे, प्रत्यक्षात अंग थंड पडते, कारण चिकात आणि दुधात अकस्मात कॅल्शियम निघून गेलेले असते. स्नायू दुबळे झाल्याने जार अडकण्यालाही तेच निमित्त होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तिच्याकडे कुणाचे फारसे लक्ष नसते. व्याल्यावर दूध सहा ते आठ आठवड्यांत शिखर गाठते. भूक मात्र दहा-बारा आठवड्यांनी पुरती खुलते. मधल्या काळात गाय खाते त्याहून अधिक देते. ही तूट ती स्वतःच्या अंगावरची चरबी झिजवून भरते. बरगड्या दिसू लागतात, आणि निसर्ग सर्वप्रथम कशाला आवर घालत असेल, तर माजाला. आई स्वतःचे झिजवून लेकराला पाजते म्हणतात, ते इथे अक्षरशः खरे आहे. म्हणून गाय विण्यापूर्वी दोन महिने आटवावी, त्या काळातही तिला आंबोण द्यावे, व्याल्यावर हिरवा चारा, पेंड आणि खनिज मिश्रण द्यावे. आपल्याकडे भाकडकाळात गाईला नुसता कडबा टाकतात आणि दूध सुरू झाले की पेंड आणतात. हा हिशेब उलटा आहे.

तिसरी गोष्ट माज ओळखण्याची. सोट स्वच्छ, काचेसारखा असावा. गढूळ असेल तर रेतन न करता उपचार करावेत. लक्षणे बहुधा रात्री आणि पहाटे दिसतात. सकाळी माज दिसला तर सायंकाळी रेतन, सायंकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. मुक्या माजाची गाय हंबरत नाही. तिची चाहूल रोज धार काढणाऱ्या गृहिणीलाच लागते. गोपालनाची शिबिरे पुरुषांसाठी भरवून आपण काय साधतो, हे मला उमगलेले नाही.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी गोपूजनापेक्षा गोपालनावर भर दिला. त्यांची सर्व मते आपल्यापैकी अनेकांना रुचणार नाहीत, मलाही रुचत नाहीत. परंतु या एका मुद्द्यावर त्यांचे म्हणणे आणि गांधीजींच्या अनुयायाचे काम एकाच वाटेने गेले. उरुळीकांचनच्या आश्रमात मणिभाई देसाईंनी गीर गाई सांभाळल्या आणि १९६७ मध्ये ‘बाएफ’ उभी केली. रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या दारात नेण्याचे श्रेय त्या संस्थेकडे जाते.

शहरातील कुटुंबांना एकच विनंती. गोशाळेला चाऱ्यासाठी देणगी देता, त्यासोबत वर्षातून एकदा तेथील सर्व गाईंच्या गर्भाशय-तपासणीचा खर्च उचला. भाकड म्हणून आणून सोडलेल्या काही गाई जंतनाशक, खनिज मिश्रण आणि उपचारांनी पुन्हा माजावर येतात. अशी देवणी किंवा लाल कंधारी गाय गरजू शेतकऱ्याच्या दावणीला परत जाऊ शकते. कार्यकर्त्यांनी प्रत्येक गोठ्यात एक वही ठेवावी : व्याल्याची तारीख, जार पडल्याची वेळ, प्रत्येक माज, रेतन आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी गर्भतपासणी. पुढील वसुबारसेला या वह्या सोबत घेऊन या. पूजेनंतर त्या उघडून बसू.