खांद्याच्या नसा आणि सहा महिने



चिखल्याच्या मँगनीज खाणीत पाळी संपली की गोबरवाही-तुमसरच्या वाटेला मोटारसायकली लागतात. गाडी घसरते, माणूस खांद्यावर आपटतो. खांदा खाली दाबला जातो, मान दुसरीकडे फेकली जाते. एक्स-रेत हाड शाबूत दिसतं, पण हात लुळा लोंबकळतो. अशा हाताबद्दल मला आज बोलायचं आहे.

गळ्याच्या आडव्या हाडाच्या वर, मानेच्या बाजूला बोट ठेवा. तिथं आत नसांचं एक जाळं आहे, ब्रेकियल प्लेक्सस. मानेत मणके सात, पण नसांच्या जोड्या आठ. त्यांतल्या शेवटच्या चार आणि छातीची पहिली, अशा पाच नसांची मुळं तिथं एकत्र येतात. पाचांचे तीन जाड दोर होतात, हाडामागं प्रत्येकाचे दोन फाटे फुटतात, आणि खाकेत ते पुन्हा जुळून धमनीभोवती तीन दोर बनतात. त्यांतूनच दंड, कोपर, मनगट, बोटं चालवणाऱ्या नसा निघतात.

म्हणून नस कुठं दुखावली हे हातच सांगतो. वरच्या दोन मुळांना मार लागला तर खांदा उचलत नाही, कोपर वाकत नाही, बोटं मात्र चालतात. खालच्या मुळांना लागला तर मूठ जाते. अशा वेळी रुग्णाचा डोळा जरूर पाहा. त्याच बाजूची पापणी किंचित उतरलेली आणि बाहुली लहान दिसली, तर सर्वांत खालचं मूळ मज्जारज्जूतूनच उपटलं गेल्याची दाट शंका घ्यावी. उपटलेलं मूळ आपोआप जुळत नाही.

ताणलेली नस सुधारू शकते. पण तुटलेली नस जोडली तरी दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते आणि तिची वाट पाहणारा स्नायू वर्ष-दीड वर्षात निकामी होतो. म्हणूनच शस्त्रक्रिया लागणार असेल, तर ती पहिल्या सहा महिन्यांत व्हावी. मालिशीत, हाडवैद्याकडे हे महिने गेलेले पाहिले की जीव तुटतो. उपाय आहेत हो! 1994 साली ओबर्लिन या फ्रेंच सर्जननं मुठीकडे जाणाऱ्या चालू नसेतले थोडे तंतू दंडाच्या स्नायूच्या नसेला जोडून कोपर वाकवण्याची रीत मांडली. अंतर थोडं, त्यामुळं नस लवकर पोचते.

तेव्हा अपघातानंतर हात हलत नसेल, तर तुमसर किंवा भंडाऱ्याला पहिला उपचार घ्या, आणि तीन-चार आठवड्यांत नसांची तपासणी करवून नागपूरला नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला दाखवा. तोवर डॉक्टरांना विचारून घरच्यांनी खांदा, कोपर, बोटं रोज हलवून द्यावीत, नाहीतर सांधे आखडतात. आणि चूल, गरम पाणी, तापलेला सायलेन्सर यांपासून तो हात जपावा. त्याला भाजलेलं कळत नाही.