‘कळवतो’ म्हणाले होते

(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी आरतीनंतर झालेले भाषण)



आरती झाली आहे, प्रसादाचा वास येतो आहे आणि अशा वेळी मी माईकपुढे उभा आहे. म्हणून फार लांबवत नाही. कार्यवाहांनी मला ‘आजची तरुण पिढी’ हा विषय दिला होता. तेवढा मला झेपणार नाही. मुलाखती झाल्यावर जी शांतता पसरते, तेवढ्याबद्दलच बोलतो.

माझी पुतणी भालकीची. बिदरला इंजिनिअरिंग केलं, तीन वर्षांपासून हैदराबादला एका लहान कंपनीत आहे. गेल्या वर्षी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचा तिला फोन आला. आधी ऑनलाइन परीक्षा झाली, मग व्हिडिओवर दोन मुलाखती. त्यानंतर शनिवार-रविवारी घरी बसून करायचं काम दिलं. ते तिनं भालकीला येऊन केलं. दोन दिवसांत चार वेळा लाइट गेली, तरी मोबाइलच्या नेटवर तिनं पूर्ण करून पाठवलं. मग प्रत्यक्ष बोलावणं आलं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं उदगीर-लातूरमार्गे पुणं गाठलं, मैत्रिणीच्या खोलीवर अंघोळ केली आणि साडेदहाला हजर. पुढच्या आठवड्यात पगाराच्या स्लिपा, पॅन, आधार, मार्कमेमो सगळं मागवून घेतलं. शेवटचा फोन आला तो असा : “नोटीस पिरियड किती? लवकरात लवकर कधी येऊ शकता? लेटर दोन दिवसांत मेल करतो.”

या सगळ्याला सात आठवडे लागले होते. ते दोन दिवस मात्र अजून संपायचे आहेत.

पहिल्या आठवड्यात “अप्रूव्हलला गेलंय” असं उत्तर मिळालं. पुढं फोन नुसता वाजायचा. मेसेजला दोन निळ्या खुणा दिसायच्या, म्हणजे वाचला आहे, पण उत्तर नाही. इकडं पोरीनं शब्दावर भरवसा ठेवून राजीनामा दिलेला, आणि आमच्या वहिनींनी गल्लीत पेढे वाटलेले.

नकार आला असता तर ती एक दिवस रडली असती आणि उठली असती. नापास झालं तर कुठं चुकलं ते शोधता येतं. इथं ती रोज रात्री सगळ्या मुलाखती पहिल्यापासून आठवायची. एकदा मला म्हणाली, “काका, तिथं मला विचारलं होतं, तुम्ही कर्नाटकच्या, मग मराठी कशी काय येते? मी हसून उत्तर दिलं. ते हसणं नडलं असेल का?” हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पुण्यात आपण कर्नाटकचे आणि बेंगळुरूत ‘बिदर का, मग कन्नड नीट येतं ना?’ असं विचारलं जाणारे. शांततेत माणूस असली कारणं स्वतःच तयार करतो. खरं कारण कदाचित एवढंच असेल की ती जागाच रद्द झाली आणि ते सांगायचं काम कुणाचंच नव्हतं.

हे तिच्या एकटीचं नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत विप्रोनं साडेसहा लाखांची ऑफर देऊन थांबवून ठेवलेल्या नव्या पदवीधरांना ‘साडेतीन लाखांवर येता का’ असं विचारलं. इन्फोसिसनं निवडलेले २०२२ च्या बॅचचे सुमारे दोन हजार इंजिनिअर हातात ऑफर लेटर असून २०२४ पर्यंत ताटकळले होते, अशी तक्रार पुण्याच्या ‘नाइट्स’ या संघटनेनं केंद्रीय कामगार मंत्रालयाकडं केली होती. म्हणजे पत्र मिळालं तरी गाडी लागलीच असं नाही.

“त्यापेक्षा सरकारी बरी” असं आपले ज्येष्ठ म्हणतील. ३७१-जे आल्यापासून आपल्या भागातल्या मुलांना स्थानिक म्हणून राखीव जागा आहेत, हे खरंच मोठं काम झालं. पण तिथलं वाट पाहणंही ऐका. केपीएससीच्या २०११ च्या राजपत्रित भरतीतले ३६२ उमेदवार मुलाखतीसकट सगळं पार करून २०१४ मध्ये यादीत आले. गैरव्यवहाराच्या आरोपांवरून त्याच वर्षी सरकारनं यादी मागं घेतली. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि अखेर २०२२ मध्ये त्यांच्या नेमणुकीसाठी वेगळा कायदा करावा लागला. पीएसआयच्या ५४५ जागांचं तर इथं कलबुर्गीत सांगायलाच नको, त्या घोटाळ्याचे धागे आपल्याच गावात निघाले. ऑक्टोबर २०२१ ची परीक्षा एप्रिल २०२२ मध्ये रद्द झाली आणि फेरपरीक्षा झाली जानेवारी २०२४ मध्ये. ज्यांनी रात्री जागून प्रामाणिकपणे अभ्यास केला होता, त्यांचं वयही त्यात गेलं.

तरी सरकारी भरतीत यादी लागते, माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खाजगी कंपनीनं उमेदवाराला उत्तर द्यावंच, असा कायदा आपल्याकडं नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं तो केला आहे. पंचवीस किंवा जास्त नोकर असलेल्या मालकानं जाहिरात दिलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली, तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय झाला की नाही ते उमेदवाराला कळवायचं. १ जानेवारी २०२६ पासून तो लागू झाला. तिकडं ज्यांची मुलं आहेत, त्यांनी हे सांगून ठेवावं.

आपल्या मुलांना एवढंच सांगतो : पत्र हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. फोनवर जे बोललं गेलं ते त्याच दिवशी मेलनं लिहून पाठवा आणि तारीख विचारा. दोनदा आठवण करून उत्तर आलं नाही, तर ते दार बंद समजून दुसरीकडं अर्ज टाका. आणि आईवडिलांनो, पेढे थोडे उशिरा आणा.

आता जरा अवघड भाग. कंपन्यांना नावं ठेवताना मला आपल्या घरातली सवय आठवली. स्थळ पाहून आल्यावर आपण काय म्हणतो? ‘कळवतो.’ पत्रिका सहा-सहा महिने कपाटात राहते आणि मुलीकडचे वाट पाहतात. कन्नडमध्ये ‘नोडोण’ म्हणतात, आपण ‘बघू’ म्हणतो. दोन्ही भाषांत त्याचा अर्थ नाही असाच असतो, फक्त तो समोरच्यानं ओळखायचा.

मी स्वतः एका शाळेच्या निवड समितीवर बारा वर्षं बसलो. दर मे महिन्यात शिक्षकांच्या मुलाखती व्हायच्या. औरादहून, आळंदहून मुलं-मुली उन्हातून एस्टीनं यायची, नमुना पाठ घ्यायची. घेतलेल्या एकाला आम्ही फोन करायचो. उरलेल्यांना त्या बारा वर्षांत एकदाही काही कळवलं नाही. तसं कधी सुचलंच नाही. पुतणीचं हे झालं तेव्हा सुचलं.

यंदा मेमध्ये दोन जागांसाठी तेरा जण आले होते. उरलेल्या अकरा जणांना मी शाळेच्या लेटरहेडवर चार-चार ओळी लिहून पाठवल्या. क्लार्क म्हणाला, “सर, याची काय गरज?” पोस्टाचा खर्च तीनशेच्या आत झाला. आठवड्यानं औरादकडच्या एका तरुणाचा फोन आला. मला वाटलं भांडणार. तो म्हणाला, “सर, सहा ठिकाणी मुलाखती दिल्या. पत्र पहिल्यांदाच आलं. आता निदान बीएडच्या फायलीतली झेरॉक्स तुमच्याकडून परत मागायला नको.” मी हसलो, पण झेरॉक्स खरंच आमच्याच कपाटात पडल्या होत्या. त्या परत पाठवल्या.

पुतणीच्या हैदराबादच्या मालकानं राजीनामा परत घेऊ दिला, त्या वर्षीची पगारवाढ मात्र गेली. गणपतीसाठी ती इथं आली आहे, मागच्या रांगेत बसली आहे. तिला विचारूनच मी हे सगळं सांगितलं. तिची एकच अट आहे : प्रसादाच्या रांगेत ‘पुण्याचं काय झालं गं’ असं तिला कुणी विचारायचं नाही.