उच्च रक्तदाब आणि उपचारांतील सातत्य
(वार्षिक सभेत वैद्यकीय विभागातर्फे केलेले भाषण)



वार्षिक सभेत नवीन यंत्रसामग्री आणि शस्त्रक्रिया यांचा आढावा घेण्याचा आपला प्रघात आहे. तो तपशील अहवालात अन्यत्र दिलेला आहे. आज आम्ही एका साध्या कामाविषयी बोलणार आहोत. रक्तदाब मोजण्याचे यंत्र, एक नोंदवही आणि काही गोळ्या एवढ्या साहित्यावर ते बाह्यरुग्ण विभागात चालते. या कामात आमच्याकडून जी उणीव राहिली, तीही आपणांपासून लपविणार नाही.

उच्च रक्तदाब बहुधा कोणताही त्रास देत नाही. माणूस शेतावर जातो, दुकान चालवितो, लग्नकार्यात मिरवतो. आणि आतल्या आत हृदय, मेंदू व मूत्रपिंडे यांच्या रक्तवाहिन्यांवर ताण पडत राहतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सुमारे २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रिया यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी त्यांची औषधे चालू होती. म्हणजे या सभागृहातील प्रत्येक रांगेत असा कोणी ना कोणी असणारच.

यावरील औषधे दुर्मीळ नाहीत. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन ही नावे आता घरोघरी परिचित आहेत. मग अर्धांगवायूचे रुग्ण आमच्या दारी का येत राहतात? याचे एक मोठे कारण असे की, सुरू झालेली गोळी मध्येच थांबते.

एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक आमच्याकडे सहा वर्षे नियमित येत होते. बाजारच्या दिवशी यायचे, डॉक्टरांशी दोन शब्द बोलायचे, गोळ्या घेऊन जायचे. पुढे ते डॉक्टर उच्च शिक्षणासाठी गेले. त्यानंतरच्या तीन भेटींत या काकांना तीन वेगवेगळे डॉक्टर भेटले. प्रत्येकाने नवा कागद केला, एकाने गोळीही बदलली. ती का बदलली, हे त्यांना कोणी समजावून सांगितले नाही. काका यायचे थांबले. काही महिन्यांनी त्यांना उजव्या बाजूच्या अर्धांगवायूने आणावे लागले. "बरं वाटत होतं, म्हणून गोळ्या सोडल्या," असे त्यांच्या पत्नीने सांगितले. त्यांनी जपून आणलेल्या कार्डावर शेवटच्या भेटीची तारीख होती. त्या तारखेनंतर आम्हीही त्यांची एकदाही चौकशी केलेली नव्हती. रुग्णाने गोळ्या सोडल्या हे खरे. परंतु त्याआधी आम्ही रुग्णाला सोडले होते.

ओळखीच्या डॉक्टरांचे मोल केवळ भावनिक नाही. नॉर्वे देशातील सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. एकाच कुटुंबवैद्याकडे १५ वर्षांहून अधिक काळ जाणाऱ्यांत, वर्षभरापूर्वीच वैद्य बदललेल्यांच्या तुलनेने, मृत्यूचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी आणि तातडीने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी आढळले. तेथील व्यवस्था निराळी आहे, हे आम्ही जाणतो. परंतु ओळखीतून येणारा विश्वास सर्वत्र सारखाच.

आपल्या देशातही २०१७ साली महाराष्ट्रासह पाच राज्यांतील काही जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा शासकीय उपक्रम सुरू झाला. सर्वांसाठी एकच सोपी उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा, परिचारिका व आरोग्यसेविका यांचा सहभाग, घराजवळ गोळ्या आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, ही त्याची सूत्रे. डॉक्टर बदलले तरी उपचाराचा धागा तुटू नये, हे त्यातील मर्म आम्हांस पटले.

त्यानुसार आता रक्तदाबाच्या रुग्णांसाठी एक परिचारिका कायम नेमलेली आहे. डॉक्टर बदलतील, पण सिस्टर त्याच राहतील. प्रत्येक कार्डावर पुढील भेटीची तारीख लिहिली जाते आणि तीच नोंदवहीत उतरते. ठरल्या दिवशी रुग्ण न आल्यास आठवड्याच्या आत दूरध्वनी जातो. गोळी बदलल्यास त्याचे कारण कार्डावर मराठीत लिहिले जाते. ते काका आज काठीच्या आधाराने येतात, आणि त्यांची तारीख आम्ही चुकू देत नाही.

कुटुंबीयांना आमची विनंती अशी. रक्तदाब १४०/९० च्या खाली आला, तर तो गोळीचा गुण समजावा. रोग गेला असे समजून गोळी बंद करू नये. गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी घरातील कोणी तरी पाकीट पाहावे. दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका चमच्यापेक्षा, कमी असावे. पापड-लोणच्यातील मीठही त्यातच धरावे. तंबाखू आणि मिश्री सोडावी. अंगदुखीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून रोज घेऊ नयेत, त्यांनीही रक्तदाब वाढतो. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे आणि अर्धा तास आधी चहा टाळावा.

देणगीदारांना एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. परिचारिकेचे वेतन, बाराही महिन्यांच्या गोळ्या आणि दूरध्वनीचा खर्च यांवर नावाची पाटी लावता येत नाही. या कामाचे यश म्हणजे न झालेला अर्धांगवायू. त्याचे छायाचित्र अहवालात छापता येत नाही. तरीही एखाद्या घरातील कर्ता माणूस उद्या सकाळी नेहमीप्रमाणे कामावर निघेल, तेव्हा त्यात आपला वाटा असेल. हे काम एका वर्षाचे नाही, म्हणून आपले साह्यही वर्षानुवर्षे मिळत राहावे, अशी नम्र प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.