विद्यार्थ्यांच्या नियतकालिकाची एक जुनी हकीगत

(ज्ञातिसंमेलनात विद्यार्थी विभागाच्या अंकाचे प्रकाशन करताना केलेले भाषण)



 वस्तुतः कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या अंकाविषयी बोलण्याचा आम्हांस अधिकार तो कोणता? आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. कॉलेजची पायरी चढलो ती पुतण्याची फी भरण्यापुरती. सारा जन्म खेड्यांतील शाळांत खडू आणि फळा यांच्या संगतीत गेला. तथापि छापील कागद हाती आला की तो वाचल्यावाचून खाली ठेवावयाचा नाही, ही खोड आम्हांस लहानपणापासून आहे. पुतण्याच्या कॉलेजचे वार्षिक अंक आम्ही त्याच्याआधी वाचून काढीत असू; त्यांतील जिमखान्याचा अहवालसुद्धा सोडीत नसू.

यंदा कार्यकारी मंडळाने आमच्याकडे एक काम सोपविले. विद्यार्थ्यांचा मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी तो नजरेखालून घालावा आणि जे अनुचित वाटेल ते गाळावे, असे ते काम. मंडळाचा हेतू शुद्ध होता यात शंका नाही. परंतु ते हस्तलिखित मांडीवर घेऊन बसलो असता आम्हांस वारंवार आठवण झाली ती सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच्या कलकत्त्याची. ती हकीगत आपल्यापुढे ठेवतो.

कलकत्त्यास तेथील धनिक आणि प्रतिष्ठित हिंदू गृहस्थांनी पुढाकार घेऊन १८१७ साली हिंदू कॉलेज उघडले. आपल्या मुलांना इंग्रजी विद्या मिळावी, पण घरचा आचार मात्र जसाच्या तसा राहावा, अशी त्या गृहस्थांची इच्छा होती. या कॉलेजात १८२६ साली हेन्री डेरोझिओ नावाचा एक शिक्षक लागला. पोर्तुगीज आणि हिंदी रक्ताच्या कुटुंबातला हा तरुण अवघा सतरा वर्षांचा. चौदाव्या वर्षी त्याने शाळा सोडली होती आणि मधली काही वर्षे भागलपुराकडे निळीच्या मळ्यावर काढली होती. शाळेपलीकडे त्याचेही शिक्षण झाले नव्हते, हे वाचून आमच्यासारख्या मॅट्रिक मास्तरास थोडे समाधान वाटले, हे कबूल केले पाहिजे. तो वर्गात इतिहास व काव्य शिकवी. वर्ग सुटला की मुले त्याच्याभोवती जमत. विधात्याचे अस्तित्व, दैव आणि पुरुषार्थ, मूर्तिपूजा, स्त्रियांची स्थिती अशा कोणत्याही विषयावर दोन्ही बाजूंनी वाद घालण्याची त्यांना मुभा असे. या वादांसाठी १८२८ मध्ये त्यांनी एक सभाही स्थापिली.

या मुलांनी १८३० च्या फेब्रुवारीत ‘पार्थेनॉन’ नावाचे एक इंग्रजी पत्र काढले. पार्थेनॉन हे अथेन्स नगरीतील अथेना या विद्येच्या देवीचे मंदिर. आपली मुले अंकास ‘शारदा’ नाव देतात, त्यातलाच तो प्रकार. वेळ कोणती होती ते पाहा. दोनच महिन्यांपूर्वी, १८२९ च्या डिसेंबरात, बेंटिंकने सतीची चाल कायद्याने बंद केली होती, आणि त्या कायद्याविरुद्ध जानेवारीत ‘धर्मसभा’ उभी राहिली होती. घराघरांत तोच विषय. अशा वेळी या पोरांनी पहिल्याच अंकात स्त्रीशिक्षणाचा कैवार घेतला, कोर्टातील न्याय गरिबास परवडेल इतका स्वस्त असावा असे लिहिले, आणि आपल्या घरातील अंधश्रद्धांवरही कोरडे ओढले. भाषा जहाल होती. वडिलांच्या पैशाने शिकून वडिलांच्याच श्रद्धेची टवाळी करणे आम्हांसही रुचले नसते.

कॉलेजच्या चालकांना तर ते मुळीच रुचले नाही. दुसरा अंक छापून तयार झाला होता. तो वर्गणीदारांच्या हाती पडला नाही. पत्र तेथेच संपले. एक अंक निघाला आणि एक अडला, एवढेच त्याचे आयुष्य.

चालकांना वाटले असेल, प्रकरण मिटले. पण पालकांत कुजबुज वाढतच गेली, काहींनी मुले काढून घेतली, आणि १८३१ च्या एप्रिलात चालकांनी डेरोझिओस दूर करण्याचे ठरविले. त्याने राजीनामा दिला. त्याच वर्षी डिसेंबरच्या २६ तारखेस पटकीने तो वारला. वय बावीस! इकडे पत्र बंद पडल्याने मुले गप्प बसली म्हणाल तर तसे झाले नाही. १८३१ सालीच त्या मंडळातून ‘एन्क्वायरर’ हे इंग्रजी आणि ‘ज्ञानान्वेषण’ हे बंगाली, अशी दोन पत्रे निघाली. कॉलेजच्या छायेत एक पत्र चालू दिले असते तर चार वडीलधारी माणसे लेखकांशी बोलू तरी शकली असती. आता ती मुले घराबाहेर पडली. ‘एन्क्वायरर’चा संपादक कृष्णमोहन बॅनर्जी यास तर खरोखरच घर सोडावे लागले, आणि पुढे त्याने ख्रिस्ती धर्म घेतला.

आता दुसरी बाजू ऐका. ज्या स्त्रीशिक्षणाच्या नावाने त्या अंकावर गहजब झाला, त्याचे पुढे काय झाले? १८४९ च्या मे महिन्यात बेथून साहेबांनी कलकत्त्यास मुलींची शाळा काढली, तेव्हा तिला जागा दिली ती दक्षिणारंजन मुखर्जी यांनी. हे डेरोझिओच्याच शिष्यमंडळातले. १८५४ मध्ये प्यारीचांद मित्र आणि राधानाथ सिकदार यांनी घरातील स्त्रियांना समजावे म्हणून सोप्या बंगालीत ‘मासिक पत्रिका’ सुरू केली. हे दोघेही त्याच कॉलेजात वाढलेले. सिकदार म्हणजे एव्हरेस्ट शिखराच्या उंचीचे गणित ज्यांनी केले तेच.

आमच्या मुंबईत हे सारे जरा सौम्यपणे घडले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली एक साहित्य व शास्त्रविषयक सभा स्थापिली, आणि प्रोफेसर पॅटन साहेब स्वतः तिचे अध्यक्ष झाले. फरक आहे तो येथे. तिच्या गुजराती व मराठी शाखा निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग, म्हणजे ज्यांच्या व्याकरणावर आपल्या आजोबा-पणजोबांनी छड्या खाल्ल्या तेच! या शाखेचे ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० पासून १८६७ पर्यंत चालले. एकीकडे एक अंक, दुसरीकडे सतरा वर्षे. याच सभेत एका विद्यार्थ्याने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला, आणि ऐकणारी मुले एवढ्यावर थांबली नाहीत. दादाभाई नौरोजी आणि त्यांचे सोबती १८४९ च्या ऑक्टोबरात सकाळच्या वेळी विनावेतन मुलींना शिकवू लागले. आरंभी ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली होत्या.

मुंबईतही सगळे गोड होते असे नाही. न्यायमूर्ती रानडे एल्फिन्स्टन कॉलेजात असताना त्यांनी निबंधात मराठ्यांच्या राज्याची तुलना इंग्रजी अमलाशी केली, आणि प्रिन्सिपॉल ग्रँट साहेबांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली. ग्रँट साहेबांचा त्या विद्यार्थ्यावर लोभ होता, हे ध्यानात घ्या. लोभ असलेला गुरूही असे करतो. हे आम्ही पक्के जाणतो, कारण आम्ही ते केले आहे.

ती गोष्ट सांगण्याकरिताच खरे तर आम्ही उभे राहिलो. आमच्या शाळेत दर वर्षी मुलांचे हस्तलिखित निघे, आणि संपादक अर्थातच आम्ही. एका वर्षी सातवीतील एका मुलाने निबंध दिला. पावसाळ्यात शाळेचे छप्पर गळत असे, म्हणून वर्ग देवळाच्या सभामंडपात भरे. मुलाने लिहिले होते, सारी मुले मंडपात बसतात, आमच्या आळीची आम्ही चौघे पायरीवर बसतो, पायरीवर पागोळ्या पडतात, म्हणून माझे अक्षर फुगले आहे, गुरुजींनी क्षमा करावी. एवढेच. तक्रार नाही, जहाल शब्द नाही. आम्ही तांबड्या पेन्सिलीने त्यावर आडवी रेघ मारली आणि त्या पानावर ‘वर्षाऋतूची शोभा’ हा दुसऱ्या मुलाचा निबंध घातला. गावात वाद नको, एवढाच विचार मनात होता. त्या चौघांना पायरीवर बसविणारे आम्हीच होतो, हे निबंधात नव्हते. पण वाचणाऱ्यास कळले असते. त्या मुलाने पुन्हा कधी काही लिहून दिले नाही, आणि आम्हीही मागितले नाही.

असो. यंदाच्या अंकात आपल्याच एका मुलीने लग्नातील मानपान आणि हुंडा यांवर लिहिले आहे. त्यातील यादी वाचून काही घरांना आपले कार्य ओळखू येईल. आमच्या घरचे एक कार्यही त्या यादीत बसते. मंडळाच्या आज्ञेप्रमाणे आम्ही तो लेख दोनदा वाचला. ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या. बाकी एक अक्षर काढले नाही. कोणास राग आला तर त्यांनी पुढील वर्षी उत्तर लिहावे; संपादक विद्यार्थ्यांनी ते छापण्याचे आमच्याजवळ कबूल केले आहे.

तो फुगलेल्या अक्षरांचा कागद आमच्या पेटीत तसाच राहिला होता. गेल्या महिन्यात तो मुलगा, आता पन्नाशीला आलेला गृहस्थ, शोधून आम्ही त्याच्याकडे गेलो आणि कागद त्याच्या हाती दिला. त्याने तो वाचला, घडी घातली, आणि चहा घेऊन जा म्हणाला. छापण्याची परवानगी मागितली तेव्हा त्याने मान हलविली, ‘नको’ म्हणाला. म्हणून या अंकाचे शेवटचे पान त्याच्या इच्छेप्रमाणे कोरे आहे.

अंक आता प्रकाशित झाला, असे आम्ही जाहीर करतो.