विलायतेतली रानभाजी

आमच्या गटातल्या एका मावशींची लेक लग्न होऊन इंग्लंडला गेली. एप्रिलच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले आणि तिचा व्हिडिओ कॉल आला. आपल्याकडे साडेचार वाजलेले, तिकडे दुपारचे बारा. पोर ओढ्याकाठच्या झाडीत उभी. "आई, इथे सगळीकडे लसणीचा वास सुटलाय. पानं खुडून नेऊ का गं?"

मावशी घाबरल्या. परका मुलूख, लेकीच्या अंगावर पिणारं मूल. आम्ही म्हटलं, थांब, आधी दाखव.

ती होती तिकडची रानलसूण, रॅमसन्स. लांबट मऊ पान, चांदण्यांसारखी पांढरी फुलं. लोक तिची चटणी करतात, सूपात घालतात. पण तिच्याच गर्दीत आणखी एक रोप उगवतं, त्याला लॉर्ड्स अँड लेडीज म्हणतात. हे आपल्या अळू-सुरण-शेवळाच्या कुळातलं. मोठं झालं की पान बाणाच्या टोकासारखं दिसतं, पण कोवळ्या पानाला मागचे कान फुटलेले नसतात. फसायला होतं ते तिथेच. खाजरं अळू घसा कसं धरतं, हे तुम्हाला सांगायला नको. सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच याही पानात. शेवळांना आपण काकडं घालतो, अळूला चिंच, पण ती युक्ती या पानावर करून बघायची नाही. हे विषारीच समजायचं.

"मग वासावरून ओळखते," लेक म्हणाली. आमच्यातली एक पटकन बोलली, "अगं, चार पानं खुडलीस की बोटांनाच लसणीचा वास. मग काहीही हुंग, लसूणच!" खरं आहे ते. म्हणून मूठभर ओरबाडायचं नाही, एकेक पान बघून घ्यायचं. रानलसणीच्या शिरा देठापासून टोकाकडे सरळ जातात, दुसरीच्या शिरांची जाळी असते.

मग तिने नेटल दाखवलं. हात लागला की खाजकुयली आठवावी अशी आग. तरी वसंतात त्याचे कोवळे शेंडे खुडतात, हातमोजे घालून बरं का. उकडले की आग जाते. पीकॉक नावाचं फुलपाखरू याच झाडावर अंडी घालतं, म्हणून काहीजण परसात नेटलचा एक कोपरा मुद्दाम राखतात. आम्ही तर बांधावरचं सगळंच सपाट करतो.

आणि एक. तिथे 1981 च्या कायद्याने, जागामालकाला विचारल्याशिवाय कुठलंही रानटी रोप मुळासकट उपटणं गुन्हा आहे. हेही तिला बजावलं.

त्या दिवशी पोरीने सहाच पानं नेली, प्रत्येक पान आईला कॅमेऱ्यात उलटसुलट दाखवून. कर्जाच्या दोन अर्जांचा विषय तेवढा राहून गेला, तो आम्ही पुढच्या बैठकीत घेतला. जूनमध्ये शेवळं निघाली की आता आपण तिला दाखवायची, असं ठरलंय.