गुरूची मुदत
(वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ब्रिटिश महिला टेनिसपटूंचे भवितव्य हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर वाचून ज्यांना नवल वाटले असेल, त्यांना प्रारंभीच सांगतो की, हा विषय मी आग्रहाने मागून घेतला आहे. कारण खेळाडू घडते ती संस्थेच्या खजिन्यामुळे नसून एका गुरूपाशी सलग काढलेल्या वर्षांमुळे, या माझ्या सिद्धान्ताची प्रचीती त्या देशाच्या यशापयशात जितकी स्वच्छ येते, तितकी मला अन्यत्र कोठेही आलेली नाही.

पूर्वपीठिका आपणा सर्वांना विदितच आहे. 1884 साली मॉड वॉटसनने सख्ख्या बहिणीला नमवून विंबल्डनचे महिलांचे पहिले विजेतेपद घेतले, 1887 साली लॉटी डॉड अवघ्या पंधराव्या वर्षी विजेती झाली, डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्सने सात वेळा तो मान मिळविला, एवढा उच्चार करून मी पुढे जातो. 1934 या वर्षापाशी मात्र क्षणभर थांबतो, कारण परक्या देशाच्या मुलींची चिंता आपण कशासाठी वाहावी, असा प्रश्न सभागृहाच्या मागील बाजूने मघाशी आला. त्या वर्षी विंबल्डन जिंकले डडलीच्या डोरोथी राउंडने, जी धर्मनिष्ठेमुळे रविवारी खेळत नसे. आणि त्याच वर्षी, त्याच हिरवळीवर, विंबल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली ती संस्कृतात सत्याग्रहगीता लिहिणाऱ्या आणि स्वतः टेनिस खेळणाऱ्या पंडिता क्षमा राव यांची कन्या लीला राव. (टाळ्या) तेव्हा ती हिरवळ आपल्यालाही सर्वस्वी परकी नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, समुद्रकाठी, टॉर्की नावाचे गाव आहे आणि तेथील पॅलेस हॉटेलच्या टेनिस कोर्टांवर आर्थर रॉबर्ट्स नावाचे एक प्रशिक्षक मुलामुलींना शिकवीत असत. त्यांच्यापाशी कोणतेही राष्ट्रीय केंद्र नव्हते, सरकारी तनखा नव्हता. होती ती कोर्टे, चेंडूंच्या टोपल्या आणि वर्षानुवर्षे एकाच शिष्येचा एकच फटका निरखीत उभे राहण्याचे असामान्य धैर्य. त्यांच्या हाताखाली अँजेला मॉर्टिमर तयार झाली. खेळाचा गंभीर अभ्यास तिने बऱ्याच उशिरा, किशोरवयात आरंभिला, आणि पुढे तिला ऐकूही कमी येऊ लागले. पण त्या उणिवेचाही तिला एकाग्रतेसाठी उपयोगच वाटे. 1955 साली तिने फ्रान्सची आणि 1958 साली ऑस्ट्रेलियाची स्पर्धा जिंकली; आणि 1961 साली विंबल्डनच्या अंतिम सामन्यात, समोर स्वदेशाचीच लाडकी क्रिस्टीन ट्रूमन, प्रेक्षकांचा ओढा उघडउघड तिच्याकडे, पहिला सेट गेलेला, अशा स्थितीत वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी तिने 4-6, 6-4, 7-5 असा जय मिळविला. दुसऱ्या सेटमध्ये ओलसर हिरवळीवर ट्रूमन घसरून पडली आणि सामना तेथे फिरला, असे सांगणारे आजही आहेत. परंतु प्रतिस्पर्धी घसरल्यावर आपला तोल टिकविणे हीही विद्याच आहे, आणि ती चार महिन्यांच्या शिबिरात शिकता येत नाही.

कोणी म्हणेल, हा योगायोग. मग त्याच रॉबर्ट्स यांची दुसरी शिष्या पाहा. जवळच्याच पेंटनची सू बार्कर. तिला परदेशी स्पर्धांना पाठविताना रॉबर्ट्स यांनी केवळ जाण्याचे तिकीट हाती दिले. परतीचे भाडे तिने बक्षिसाच्या रकमेतून कमवायचे, असा त्यांचा हुकूम होता. (हशा) ती परत आली, आणि 1976 साली तिने फ्रान्सची स्पर्धा जिंकली. एका किनाऱ्यावरच्या हॉटेलातील एका शिक्षकाने दोन पिढ्यांत ग्रँड स्लॅमच्या दोन विजेत्या दिल्या, ही गोष्ट मला कोणत्याही राजधानीच्या कीर्तीपेक्षा थोर वाटते, आणि म्हणूनच...

(येथे अध्यक्षांनी चिठ्ठी पाठविली.)

आता टॉर्कीहून लंडनला यावे, अशी अध्यक्षांची सूचना आहे. (मोठा हशा) आज्ञा शिरोधार्य. लंडनमध्ये रोहॅम्प्टन येथे 2007 साली सुमारे चार कोटी पौंड खर्चून राष्ट्रीय टेनिस केंद्र उभे राहिले. ब्रिटिश टेनिस संघटनेला विंबल्डनच्या उत्पन्नातून मिळणारा वाटा इतका की, जगातील बहुतेक राष्ट्रीय संघटनांनी हेवा करावा. तरीही 1977 साली व्हर्जिनिया वेडने, आपल्या सोळाव्या प्रयत्नात, विंबल्डन जिंकल्यानंतर ग्रँड स्लॅमचे एकेरीतील पुढचे विजेतेपद ब्रिटिश स्त्रीला मिळावयास चव्वेचाळीस वर्षे लागली. 1993 नंतर पहिल्या पन्नासांत पुन्हा ब्रिटिश नाव दिसले ते 2009 साली, अ‍ॅन किओथाव्हाँगचे. खजिना भरलेला आणि खतावणी रिकामी, अशी ती अवस्था होती.

2021 साली अमेरिकन स्पर्धेत क्रमवारीत 150 व्या स्थानी असलेली अठरा वर्षांची एमा राडुकानू पात्रता फेरीपासून दहा सामने, एकही सेट न गमावता, जिंकून विजेती झाली. त्या वेळी तिच्या शेजारी होते अँड्रू रिचर्डसन, तिच्या बालपणीचे प्रशिक्षक. विजयाला महिना उलटण्यापूर्वीच ते दोघे विभक्त झाले, अल्पमुदतीच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही, आणि पुढे एकामागून एक प्रशिक्षक आले आणि गेले. मी त्या मुलीला दोष देत नाही. अठराव्या वर्षी जिच्यावर अशी कीर्ती कोसळते, तिला स्थैर्य देणे हे वडीलधाऱ्यांचे काम असते.

समोरचे एक गृहस्थ मान हलवीत आहेत; त्यांच्या मनात योहाना कोंटा असावी. तिने प्रशिक्षक बदलले आणि तरी 2017 साली ती चौथ्या क्रमांकावर पोचली, हे खरे. परंतु तिचा खेळ नव्याने बांधला गेला तो रोहॅम्प्टनपासून दूर, उत्तर स्पेनमधील खिखोन येथे, एस्तेबान कारिल यांच्या देखरेखीखाली. हे उदाहरण मी माझ्याच पक्षाच्या साक्षीत जमा करतो. (टाळ्या)

वेळ सरत आल्याने अर्थकारण दोन वाक्यांत सांगतो. 2025 साली विंबल्डनच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्या स्त्रीलाही 66,000 पौंड मिळाले. उलट सर्वांत खालच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत साऱ्या खेळाडूंत मिळून वाटावयाची रक्कम 15,000 डॉलर असते, आणि त्यातच प्रवास, निवास व प्रशिक्षकाचे वेतन भागवावे लागते. त्यामुळे तळच्या मुलीला प्रथम ज्याचा त्याग करावा लागतो, तो प्रशिक्षक असतो. विंबल्डनच्या खास प्रवेशाची, म्हणजे वाइल्ड कार्डाची, मेहेरबानी एका दुपारचा प्रश्न सोडविते. उरलेल्या वर्षाचा प्रश्न जसाच्या तसा राहतो.

म्हणून माझे मागणे एवढेच आहे. होव्हच्या स्थानिक क्लबात सहाव्या वर्षी रॅकेट धरलेली सोनाय कार्टल 2025 साली विंबल्डनच्या चौथ्या फेरीत पोचली. अशा क्लबांत मुलीला प्रथम शिकविणाऱ्या शिक्षकाला संघटनेने किमान दहा वर्षांच्या मुदतीचा तनखा बांधून द्यावा, मुलगी परदेशी खेळू लागली की तिच्यासमवेत त्याच्याही प्रवासाचा खर्च उचलावा, आणि त्याचे काम तिच्या एका वर्षाच्या क्रमांकावरून तोलू नये. पैसा त्या देशापाशी आहे, कोर्टे आहेत, मुलीही आहेत. त्यांच्या शिक्षकांना काळ देण्याची हिंमत संघटनेने केली, तर पुढच्या विजेतीसाठी आणखी चव्वेचाळीस वर्षे थांबावे लागणार नाही, असा माझा निःसंदिग्ध विश्वास आहे. (टाळ्या)