पेशींतील टोपल्या

बाजारांतून आणलेली बांबूची पाटी आपण रोज हाताळतों. पण तिची वीण निरखून पाहण्यास आपणांस सवड नसते. आज मी आपणांस अशाच एका टोपलीची हकीकत सांगणार आहें. ही टोपली आपल्या शरीरांतील बहुतेक पेशींत विणली जाते, मिनिट-दोन मिनिटें टिकते आणि उसवली जाते. तिचा व्यास एका मिलिमीटरच्या सुमारें दहा हजाराव्या भागाएवढा असतो.

पेशीच्या भोंवतालच्या पातळ पडद्यांतून मोठे कण आरपार जाऊं शकत नाहींत. म्हणून तो पडदाच ठिकठिकाणीं आंत खचतो, बाहेरचा माल पोटांत घेतो आणि त्याची इवलीशी पिशवी सुटून आंत जाते. १९६४ सालीं रॉथ व पोर्टर यांनीं डासाच्या मादीच्या वाढत्या अंड्यांत अशा पिशव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें पाहिल्या. त्यांच्यावर केसाळ वेष्टण होतें. हें वेष्टण म्हणजे पंचकोनांची व षट्कोनांची जाळी आहे, असें १९६९ सालीं कानासेकी व कादोता यांनीं दाखविलें. १९७६ सालीं केंब्रिजच्या बार्बरा पिअर्स यांनीं त्या जाळीच्या प्रथिनास ‘क्लॅथ्रिन’ हें नांव दिलें. लॅटिन भाषेंतील जाळीवाचक शब्दावरून तें घेतलेलें आहे.

या प्रथिनाच्या प्रत्येक घटकास किंचित वांकलेले तीन पाय असतात. शेजारच्या घटकांचे पाय एकमेकांवर पडले कीं जाळीची कड तयार होते. नुसते षट्कोन जोडले तर सपाट चटई होईल; ती मिटून गोल व्हावयाची तर पंचकोन पाहिजेत, आणि तेही नेमके १२. फुटबॉलचे चामड्याचे ३२ तुकडे मोजून पाहा : १२ पंचकोन, २० षट्कोन, आणि ते जुळतात ते कोपरे ६०. क्लॅथ्रिनच्या तशा टोपलीस ६० घटक लागतात. ३६ घटकांची लहान टोपलीही होते. पिशवी आंत शिरतांच दुसरें एक प्रथिन शक्ति खर्चून ही टोपली उसवितें, आणि तेच घटक पुन्हां नव्या विणीस लागतात.

ही वीण चुकली तर काय होतें? अमेरिकेंतील ब्राउन व गोल्डस्टीन हे एका आनुवंशिक रोगाचा अभ्यास करीत होते. त्यांत रक्तांतील कोलेस्टेरॉल अतोनात वाढतें. आईबाप दोघांकडून दोष आला तर बालपणींच हृदयविकार जडूं शकतो. बहुतेक रुग्णांत कोलेस्टेरॉलचे कण पकडणारीं प्रथिनें सदोष किंवा अपुरीं असत. एका रुग्णाच्या पेशींवर मात्र तीं होतीं, कणही पकडीत. परंतु टोपलीच्या खळग्यांत तीं गोळाच होत नसत. माल दाराशीं पडून राही. त्या प्रथिनाच्या ८३९ दुव्यांच्या सांखळींत ८०७ वा दुवा टायरोसीनऐवजीं सिस्टीन होता, असें १९८६ सालीं प्रसिद्ध झालें. त्या एका दुव्यापायीं टोपलीशीं गांठ घालणारी खूण पुसली गेली होती. या दोघांस १९८५ सालींच नोबेल पारितोषिक मिळालें होतें.

रक्ततपासणीच्या कागदावर कोलेस्टेरॉलचा आंकडा आपण वाचाल, तेव्हां एवढें ध्यानांत असूं द्या कीं, तो केवळ ताटांतील तुपाचा हिशेब नव्हे. यकृताच्या पेशींच्या दाराशीं किती टोपल्या भरून आंत गेल्या, याचाही तो हिशेब आहे.